नुसते बघणारे

“मीठ बघ स्टीलच्या डब्यात ठेवलंय पोरीनं. चिनी मातीची बरणी घ्यायला काय झालं हुतं हिला?”

महानंदाकाकू कॉम्प्युटरला जवळजवळ नाक लावून बोलत होत्या. पडद्यावर पुण्यातल्या एका स्वयंपाकघराची फळी दिसत होती. ओळीनं लावलेले डबे, मसाल्याचा डबा झाकण काढून ठेवलेला, कोपऱ्यात तेलाचा कॅन. असा फोटो कुणी मुद्दाम काढून जगाला दाखवेल यावर माझा विश्वास बसला नसता, पण तो समोर होता आणि काकूंची त्यातली तपासणी चालू होती.

“काकू, मग कळवा की तिला,” मी म्हटलं.

“कसं कळवू? बोलत न्हाई न्हवं आमी.”

ही दोन हजार दहा सालची गोष्ट. मी कोल्हापूरला समाजशास्त्रात एम.फिल. करत होते. आज जिकडेतिकडे माझ्या प्रबंधाच्या विषयाचा बोलबाला आहे आणि मीही तो वर्गात शिकवते, पण तेव्हा आमच्या विभागात सोशल नेटवर्किंग साइट हा शब्द उच्चारला की ज्येष्ठ मंडळी चष्म्यावरून बघायची. माझे मार्गदर्शक सावर्डेकर सर मात्र हौशी होते. त्यांनी स्वतः कधी कुठल्या साइटवर खातं उघडलं नाही, विद्यार्थी पानं छापून आणून द्यायचे आणि सर ती लाल पेनानं वाचायचे. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

सरांनी मला सिद्धांत समजावला होता. या नव्या वेबवर म्हणे प्रत्येकजण वाचकही असतो आणि लेखकही. हा झाला उत्साही लोकांचा दावा. प्रत्यक्षात शंभरातला एखादाच लिहितो, थोडेफार त्याच्या मागे हो ला हो करतात आणि उरलेले नव्वद नुसते बघून जातात.

“ते नव्वद शोध,” सर म्हणाले. “कोण आहेत? काय बघतात? त्यातून त्यांना मिळतं काय?”

“पण सर, जे काही लिहीतच नाहीत ते मला सापडणार कसे?”

“म्हणून तर तुला दिलाय विषय,” असं म्हणून सरांनी चहा मागवला.

मी गाशा गुंडाळून माझ्या गावी, गडहिंग्लजला आले आणि रफिकभाईंच्या सायबर कॅफेत ठाण मांडलं. चार कॉम्प्युटर, मध्ये प्लायवुडचे आडोसे, एकच पंखा. येणाऱ्यांत फुटबॉल खेळणारी पोरं जास्त. ती आपापल्या टीमचे फोटो चढवायची आणि दुसऱ्या टीमला डिवचायची. सगळे बोलणारे. मला हवा होता न बोलणारा, आणि तो निघाली पन्नाशी ओलांडलेली एक बाई.

कॅफेच्या भिंतीला लागून गिरणी होती. काकू गिरणीत दळणाचा डबा ठेवायच्या, पदरानं तोंड पुसायच्या आणि दळण होईपर्यंत कॅफेत शिरायच्या. बाजारपेठेतल्या कापडाच्या दुकानाचे मालक कडगावे अप्पा, त्यांच्या या मंडळी. त्यांची एकुलती मुलगी नीलांबिका पुण्यात नोकरीला गेली आणि तिथल्याच एका मुलाशी तिनं जातीबाहेर लग्न केलं. अप्पांनी त्या दिवसापासून तिचं नाव घेणं सोडलं. घरात फोन करायचा नाही, पत्र नाही, कुणी तिचा विषय काढला तर अप्पा ताटावरून उठायचे. काकूंनी तीन वर्षं हे सोसलं आणि मग कुठून तरी त्यांच्या कानावर आलं की साइटवर माणसं दिसतात.

“पण तुमचं दळण एवढंसं कसं असतं काकू?” मी एकदा विचारलं. डब्यात जेमतेम दोन दिवसांची ज्वारी असायची.

“ताजं पीठ चांगलं असतंय म्हणून सांगितलंय त्यांना. एकदम दळून आणलं तर मी परत कवा येणार?” काकू हसल्या. “मी तर म्हनतो, रोज मूठमूठ दळावं.”

आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल अशाच बोलतात, आलो, गेलो, म्हनतो. पुण्यामुंबईच्या पाहुण्यांना गंमत वाटते.

त्यांचं खातं रफिकभाईंनी उघडून दिलं होतं. भाऊबंदांतली पोरंही त्याच साइटवर होती, विशेषतः दिरांचा मुलगा मल्लू, त्यामुळे खरं नाव घालायची सोय नव्हती. रफिकभाईंनी आपल्या अकलेनं नाव ठेवलं, ‘क्यूट एंजल’, आणि फोटो म्हणून गुलाबाच्या पाकळ्यांत झोपलेलं गोरंपान बाळ लावलं. फक्त गावाच्या रकान्यात सवयीनं गडहिंग्लज लिहिलं. काकूंना यातलं काही वाचता येत नव्हतं, कारण सगळं इंग्रजी लिपीत. त्यांना माउसनं पुढचा फोटो, मागचा फोटो, एवढं जमायचं आणि तेवढंच त्यांना पाहिजे होतं.

त्या साइटवर एक गंमत होती. तुमच्या पानावर कोण डोकावून गेलं, त्यांची नावं तुम्हाला दिसायची. म्हणजे नीलांबिकाला दर दोनतीन दिवसांनी दिसत असणार की गडहिंग्लजची कुणी क्यूट एंजल, जिला एकही मित्र नाही, जिनं कधी एक अक्षर लिहिलं नाही, ती येऊन सगळे फोटो बघून जाते.

मी नीलांबिकाचे अल्बम पहिल्यापासून चाळले तेव्हा माझ्या लक्षात आलं. सर सांगायचे, माणूस साइटवर दिवाणखाना मांडतो, मोरी दाखवत नाही. नीलांबिकाचंही आधी तसंच होतं. महाबळेश्वर, ऑफिसची पार्टी, नवऱ्याबरोबर मोटरसायकलवर. क्यूट एंजल यायला लागल्यावर मात्र फोटो बदलले होते. तव्यावरची भाकरी. दोरीवरचे वाळत घातलेले कपडे. हातातल्या बांगड्या. उशाशी ठेवलेलं पाण्याचं तांब्याभांडं. मसाल्याच्या डब्याखाली तिच्या एका मैत्रिणीनं लिहिलं होतं, ‘काय गं, हा कसला फोटो?’ आणि नीलांबिकानं उत्तर दिलं होतं, ‘मागणी होती.’

मी ते काकूंना वाचून दाखवलं. काकूंनी ऐकलं आणि पुन्हा वाचायला लावलं.

सरांना मी उत्साहानं फोन केला. सर म्हणाले, “मायलेकी? मग ते आपल्या चौकटीत बसत नाही. घट्ट नात्यांना साइट लागत नाही, ती घरातल्या घरात भेटतात. साइट असते सैल नात्यांसाठी. ती केस सोडून दे.” मी हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काकूंच्या शेजारी जाऊन बसले.

त्या दिवशी नवा फोटो होता. एका बशीत लाल रंगाचा छोटा तुकडा, बस. खाली मैत्रिणींची प्रश्नचिन्हं. एकीनं विचारलं होतं, चॉकलेट आहे का.

काकूंनी माउस सोडला.

“जोत्स्ना,” त्या म्हणाल्या, “हे कौल हाय.”

“कौल?”

“घरावरचं कौल गं. त्याचा तुकडा.” त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. “हिच्या येळंला मला असंच कौल खावंसं वाटायचं. चोरून खायचो मी, सासूनं बघितलं तर वरडायची. नीलूला म्हाईत हाय ते, मीच सांगितलंय तिला.” त्यांनी माझा दंड घट्ट पकडला. “दिवस गेलेत पोरीला.”

पलीकडे फुटबॉलवाली पोरं आरडाओरडा करत होती आणि काकू हसत होत्या, रडत होत्या. मलाही भरून आलं. पुण्यातल्या एका बाईनं ही बातमी साऱ्या जगासमोर मांडून ठेवली होती आणि जगात एकाच माणसाला ती वाचता आली होती.

“चोरचोळी करायला पायजे,” काकू एकदम म्हणाल्या.

पोरीला दिवस गेले की बाहेर बोभाटा व्हायच्या आधी आईनं गुपचूप तिची ओटी भरायची आणि खणाची चोळी द्यायची. डोहाळजेवण नंतर, चारचौघांत. ही ओटी फक्त मायलेकींची.

“खण मी कवाच घेऊन ठेवलाय. मोरपंखी. आपल्याच दुकानातला, त्यास्नी पत्ता न्हाई. कुरियरनं पाठवतो. पर तिचा पत्ता पायजे. लिव की तिला.”

आपण बघायचं, हात लावायचा नाही, असा सरांचा नियम होता. मी कीबोर्ड जवळ ओढला.

उघड लिहिलं असतं तर मल्लूनं वाचलं असतं. पण साइटवर एक चोरवाट होती आणि ती सगळ्या पोरापोरींना ठाऊक होती. एखाद्याबद्दल चार चांगले शब्द लिहायचा एक रकाना असायचा, त्याला टेस्टिमोनियल म्हणायचे. ज्याच्याबद्दल लिहिलं, त्यानं ते स्वीकारलं तरच इतरांना दिसायचं. म्हणून लोक त्यात खाजगी निरोप लिहायचे आणि वर सांगायचे, स्वीकारू नकोस. प्रेमात पडलेल्या निम्म्या महाराष्ट्राचा पत्रव्यवहार त्या काळी त्या रकान्यातून चालत असावा.

काकू सांगत गेल्या, मी लिहीत गेले.

‘नीलू, हे स्वीकारू नको, कुणाला दावू नको, वाच आन् पूस. कौल खाऊ नको, त्यापरीस भाजलेलं जिरं खा. मीठ बरणीत घाल. तुझी चोरचोळी करायची हाय. खण घेतलाय. पत्ता कळव, मी पाठवून देतो. मला येता येत न्हाई, तुला म्हाईत हाय. मी क्यूट एंजल न्हवे. तुझी आई हाय.’

“जाईल न्हवं बरोबर?” काकूंनी विचारलं.

“जाईल.”

पुढच्या दळणाला काकू आल्या तेव्हा मी आधीच ते पान उघडून बसले होते. नीलांबिकानं ते स्वीकारलं होतं. तिच्या फोटोशेजारी, तिच्या साऱ्या मित्रमंडळींसमोर, कौल आणि जिरं आणि चोरचोळी सगळं झळकत होतं. क्यूट एंजलच्या पानावर तिनं उत्तरही ठेवलं होतं. मी ते वाचून दाखवलं.

‘आई, तीन वर्षं सगळं चोरूनच चाललंय. ही ओटी तरी चोरून नको. सासूबाई काही बोलत नाहीत, पण त्यांना वाटतं मला मागं कुणी नाही. आज मी त्यांना तुझं हे वाचून दाखवलं. म्हणून सगळ्यांना दिसेल असं लावलंय. घेऊन येणार असशील तर ये. कुरियर नको.’ आणि खाली पत्ता.

काकूंनी आधी दाराकडे बघितलं.

“हे कोन कोन वाचनार?”

“जो उघडेल तो.”

“मल्लू?”

“तोसुद्धा. नाव एंजलचं असलं तरी ‘तुझी आई’ असं लिहिलंय. पण काकू, लिहिणाऱ्याला आपलं लिहिलेलं काढता येतं. मी आत्ता काढते. कुणी पाहिलंही नसेल अजून.”

शेजारून गिरणीवाल्यानं हाक मारली, कडगावेकाकू, दळण झालं! काकू उठल्या नाहीत.

“ते एंजल का काय, ते खोड,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे सगळंच काढू ना?”

“न्हाई. नाव तेवढं खोड. माझं घाल. महानंदा शिवलिंग कडगावे.”

रफिकभाई काउंटरवरून उठून आले. “काकू, जरा इचार करा. अप्पांना तासाभरात कळंल.”

“कळू दे. तिनं सासूला वाचून दावलं, आन् मी एंजल म्हनून बसू व्हय?” काकूंनी पदर सारखा केला, कपाळावरची विभूती बोटानं चाचपली. “आन् ते दुसऱ्याचं पोर काढ तिथनं. माझा फोटो लाव.”

रफिकभाईंनी वेबकॅमेरा फिरवला. त्या फोटोत काकू फार कडक दिसत होत्या, पण त्या काकू होत्या.

तासही लागला नाही. मल्लूनं भर दुकानात अप्पांना सांगितलं. अप्पांनी दुकान बंद केलं आणि ते घरी जाऊन पाठ करून झोपले, असं मला रफिकभाईंकडून कळलं. मल्लूनं आणि त्याच्या टोळक्यानं मग नीलांबिकाच्या पानावर जाऊन जे लिहिलं ते मी इथं लिहिणार नाही. तिच्या नवऱ्याची जात काढली, पोटातल्या पोराबद्दल बोलले. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर नीलांबिकानं सगळे अल्बम कुलूपबंद केले होते. आता ते फक्त मित्रयादीतल्यांना दिसणार होते, आणि त्या यादीत तिनं काकूंना घेतलं होतं.

काकू त्यानंतर आल्या त्या दळण न घेता. हातात पिशवी, त्यातून नारळाची शेंडी डोकावत होती.

“निघालो मी. पुण्याची गाडी हाय आत्ता.”

“अप्पा काय म्हणाले?”

“म्हनाले, जा. परत घ्यायचं का न्हाई ते मी ठरवीन.” काकूंनी पिशवी छातीशी धरली. भ्याल्या होत्या, ते स्पष्ट दिसत होतं. “ठरवू द्यात. मला बी एकदा ठरवू द्यात की.”

आणि भर बाजारातून, दुकानासमोरून, त्या स्टँडकडे गेल्या. जाताना मागे वळून म्हणाल्या, “घरात पीठ संपत आलंय गं.”

अप्पा आले. दुपारी, डबा स्वतःच्या खांद्यावर घेऊन. पांढरा पायजमा, सदरा, टोपी. त्यांना असं गिरणीत आलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं. डबा ठेवून ते कॅफेच्या दारात उभे राहिले आणि त्यांनी चपला काढल्या. रफिकभाई ताडकन उठले.

“हितं ते दिसतंय म्हनं,” अप्पा म्हणाले.

“दिसतंय की. बसा अप्पा.”

“मला काय बघायचं न्हाई. नुसतं इचारलं.” असं म्हणून ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले.

मी विचारलं, “काकूंच्या खात्यातून दाखवू? त्यांना सगळं दिसतं.”

“बायकोच्या नावाआड लपून बघू व्हय? माझं काढ.”

मी त्यांचं खातं काढलं. शिवलिंग बसाप्पा कडगावे, गडहिंग्लज. फोटो त्यांनी नको म्हटलं. मग मी नीलांबिकाचं पान उघडलं. वर तिचा पोस्टाच्या तिकिटाएवढा फोटो, आणि बाकी सगळीकडे कुलूप.

“आत काय हाय?”

“फोटो.”

“मग उघड की.”

“तिनं बंद केलेत. मल्लू आणि मंडळींनी फार घाण लिहिलं, म्हणून.”

अप्पांनी कुलपांवरून एकदा नजर फिरवली.

“तुम्ही मैत्रीची विनंती पाठवा. तिनं हो म्हटलं की उघडेल. पाठवू?”

“इनंती?” ते माझ्याकडे वळले. डोळे लाल झाले होते. “तीन वर्सं तिचं नाव घेतलं न्हाई मी. आता कुठल्या तोंडानं मागू? नको. र्‍हाऊ दे एवढंच.”

ते त्या तिकिटाएवढ्या फोटोकडे बघत बसले. मान पुढे काढून, मग मागे घेऊन. “हे मोठं होत न्हाई?” त्यांनी एकदा विचारलं. मी नाही म्हटलं. मला त्या माणसाचा राग होता, पण त्या घटकेला तो कुठे गेला कोण जाणे.

गिरणीवाल्यानं हाक मारली. अप्पा उठले, चपला पायात सरकवल्या.

“मी आलतो हे तिला दिसंल?”

“नाव दिसेल तुमचं. पुसायचं असेल तर पुसता येतं.”

दारातल्या उन्हात ते उभे राहिले. ते पुसायलाच सांगणार, अशी माझी खात्री होती.

“दिसू दे,” ते म्हणाले आणि डबा उचलून गेले.

दोन दिवसांनी ते पुन्हा आले. डबा आधीपेक्षा रिकामा होता. मी खुर्ची पुढे केली, पान उघडलं. कुलपं नव्हती. एकूण एक अल्बम उघडा. मल्लूच्या टोळक्यातल्या एकानं सकाळीच खाली काहीतरी खरडलेलं होतं, तेही तसंच होतं. पहिलाच फोटो नवा होता. पाटावर नीलांबिका बसली होती, अंगात मोरपंखी चोळी, ओटीत नारळ, आणि शेजारी काकू कॅमेऱ्याकडे न बघता तिच्याकडे बघत होत्या.

अप्पांनी वरपासून खालपर्यंत पान बघितलं.

“परवा बंद हुतं न्हवं हे?”

“हो. आता तिनं सगळ्यांसाठी उघडलंय.”

“सगळ्यांसाठी कशापायी? ती पोरं परत घान करतील की. त्यास्नी सोडून बाकीच्यांना दावायचं.”

“तसं होत नाही, अप्पा. एक तर फक्त मित्रांना, नाही तर सगळ्यांना. तुम्ही विनंती पाठवली नाहीत. तुम्हाला मागायला लागू नये, नुसतं येऊन बघता यावं, तर तिला सगळ्यांनाच उघडावं लागतं. मल्लूलासुद्धा.”

अप्पांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. त्यांनी तीन वर्षांत पहिल्यांदा ते नाव घेतलं, इतक्या हळू की शेजारी बसून मला जेमतेम ऐकू आलं.

मग सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसून ते पडद्याजवळ सरकले.

“पुढचा दाव,” ते म्हणाले.